चार वायरी, एकच यूपीएस

कबूलच करते: दोन सर्व्हरच्या चारही पॉवर वायरी मी एकाच यूपीएसमध्ये खुपसल्या होत्या, आणि वर त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला होता. पंचेचाळिशीची होते. अक्कल यायची होती, तोरा मात्र कधीच येऊन बसला होता.

तुमसरला धान खरेदीच्या ऑफिसात मी संगणकाचं पाहायची. नागपूरच्या इंजिनिअरनं जोडीचे सर्व्हर बसवले. एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. प्रत्येकाला दोन पॉवर वायरी, एक डाव्या यूपीएसला, एक उजव्याला. एक यूपीएस गेला तरी दोन्ही मशीन चालू. एवढं समजावून तो गेला. पण मी पडले कोष्ट्याची लेक! उजवीकडे तिरक्या लोंबणाऱ्या वायरी मला बघवेनात. मागावरचा ताणा असा असता तर बापानं जेवू दिलं नसतं. मी सगळ्या काळ्या वायरी डावीकडे ओढल्या, दोन्ही मशीनना जोडणारी निळी डेटा केबल त्यांच्यातच गुंफली आणि सुती दोऱ्यानं वीत-वीतभरावर माहेरची गाठ मारली. ताणली की आणखी घट्ट होणारी.

धान नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, भरदुपारी वीज गेली. खिडकीवरचे संगणक इन्व्हर्टरवर चालू होते. रांगेत सगळ्यात पुढे चिखला गावाकडची एक म्हातारी, तिसऱ्यांदा आलेली. आज नोंद झाली नाही तर तिचं धान सरकारी केंद्रावर कोणी घेणार नव्हतं. आणि आत डावा यूपीएस कोकलायला लागला. बॅटरी संपत आली होती. उजवा भरलेला, गप्प.

इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, दोन्ही मशीनची एकेक वायर उजव्याला न्या. पण एका वेळी एकच. काढा, लावा, हिरवा दिवा पाहा, मग दुसरी."

"गाठी आहेत हो. कात्रीनं कापते."

"कात्री लावू नका! करंट चालू आहे! अन् डेटा केबल तुटली तर नोंदीच जातील."

मी टेबलाखाली फरशीवर पालथी. नखानं गाठ उकलतेय, घाम डोळ्यात, यूपीएसचं कोकलणं दर श्वासागणिक घाईचं होतंय. बाहेरून म्हातारी ओरडली, "बाई, मायं नाव आलं का?"

"येऊन राहिलं, आजी!" मी टेबलाखालून खोटं बोलले.

तीन गाठी सुटल्या. पहिल्या मशीनची एक वायर उपसली, उजव्याला लावली. हिरवा दिवा. दुसऱ्या मशीनच्या वायरीला हात घातला आणि डावा यूपीएस गप्प झाला. दुसरं मशीनही.

खिडकीवरच्या संगणकाचा पडदा गोठला. रांगही गोठली. मी निळ्या केबलला बोटसुद्धा न लावता तशीच पडून राहिले. मिनिटभरानं खिडकीवरचा बाबू ओरडला, "चाललं, मॅडम, चाललं!" पहिल्या मशीननं भार उचलला होता. म्हातारीचं नाव पडद्यावर होतं.

धुळीनं माखलेली मी बाहेर आले. पावती पदराला बांधता बांधता तिनं विचारलं, काहून अटकलं होतं? काय बुद्धी झाली कोण जाणे, मी खरं तेच सांगितलं.

ती म्हणाली, "एका खुट्याले दोन बैल आमी कदी बांधत नाही, बाई. खुटा उपटला का दोनी जाते. तुमाले हापिसात कोनी शिकवलं नाही का?"