फक्त पत्र्यावरची फांदी

माझ्याच अंगणात, माझ्याच देखत माझ्या कडुलिंबाचा सौदा झाला, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी त्याच झाडाखाली शिलाई मशीन चालवत बसले होते. धाकटे दीर झाडं तोडणाऱ्या माणसाला घेऊन आले. त्यानं बुंधा कवेत घेऊन अंदाज घेतला अन् म्हणाला, "मजुरी नको. लाकूड आमचं. सोमवारी येतो."

दिरांच्या पत्र्याच्या शेडवर एक फांदी झुकली होती, हे खरं. वादळ-वावधानात ती पडली असती, हेही खरं. मग फांदी तोडा की! पण तो तोडणारा म्हणाला, "एका फांदीत आपल्याला काय सुटतंय?" आणि दीर म्हणाले, "वैनी, तुमाला त्यातलं काय कळतंय? झाडच गेलं की कटकट गेली."

कटकट म्हणे! नवरा गेल्यापासून त्या सावलीवर माझी चूल पेटते. बायका तिथंच बसून ब्लाउजची मापं देतात. आत स्लॅबची एक खोली, उन्हाळ्यात नुसती भट्टी. तिथं मशीनवर तासभर बसून दाखवावं कुणी.

संताप असा आला, की दुसऱ्या दिवशी वडवणीहून एसटीनं बीड गाठलं आणि बॅटरीवर चालणारी छोटी करवत घेतली. दुकानदारानं विचारलं, "चालवणार कोन?"

"मी. कावून? बाईच्या हातात चालत न्हाई का ती?"

मग मात्र त्यानं नीट शिकवलं. आधी खालून थोडं कापायचं, मग वरून. खोका मांडीवर घेऊन मी घरी आले.

रविवारी सकाळी स्लॅबवर चढले. फांदी तिथून कमरेला येत होती. खाली गल्ली गोळा झाली, जणू तमाशाच लागलाय. तेवढ्या डोळ्यांपुढं सगळं शिकवणं विसरले आणि खालूनच करवत खोल घातली. अर्ध्यात फांदी खाली बसली अन् करवत तिच्यात चिमटली. हलता हलेना.

दीर खालून हसले. "बोलवू का त्याला आजच?"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण रागानं. आधी करवतीची बॅटरी काढली. मग फांदीच्या पुढच्या अंगाला दोर बांधला, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडला आणि ओरडले, "भाऊजी, हसून झालं असंल तर दोर धरा! तुटली तर तुमच्याच पत्र्यावर येनार हाय."

दिरांचं हसू गेलं. बुंध्याला दोराचा एक वेढा देऊन त्यांनी जीव खाऊन ओढलं. फांदी बोटभर उचलली अन् करवत सुटली. या खेपेला शेजारी नवा काप घेतला, खालून थोडाच, मग वरून. फांदी दोरावर लोंबकळत अंगणात उतरली, पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

सोमवारी तो माणूस टेम्पो घेऊन आला. आडव्या फांदीकडं बघितलं, बुंध्याकडं बघितलं, आणि दिरांना म्हणाला, "मग, घालू का कुऱ्हाड?"

दोरानं सोललेले तळहात दीर अजून चोळत होते. म्हणाले, "मला काय विचारतो बे? झाड वैनीचं हाय. त्यांना विचार."

त्यानं विचारलं. मी पायडल न थांबवता म्हणाले, "न्हाई."