तीन आटे

लढाई संपली आणि मी लष्करी वर्कशॉपातून सुटून आष्ट्याला मामांकडे आलो. मामा बैलगाड्या करणारे सुतार. त्यांच्या हातच्या गाड्या गूळ घेऊन सांगलीच्या बाजाराला जायच्या, आणि कोणती गाडी चालली आहे हे ते नुसत्या चाकाच्या आवाजावरून सांगायचे. पण आता गूळ लॉरीतून जायला लागला होता. लष्कराने लिलावात काढलेल्या लॉऱ्या लोकांनी हौसेने घेतल्या होत्या आणि त्या वाटेवर कुठेही बसकण मारत होत्या. मामांच्या छपराच्या अर्ध्या भागात मी दुरुस्तीचं काम सुरू केलं.

मामा मदतीला यायचे. मदतीला म्हणजे शिकवायला. माझंही डोकं काही थाऱ्यावर नव्हतं. लष्करात राहून आलेला माणूस, घरच्यांचं कशाला ऐकेल? आमचं रोज वाजायचं.

त्या दिवशी सकाळी एका लॉरीचं मागचं चाक उतरवलं. आतला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी गाभा, आसाच्या निमुळत्या टोकावर गंजून घट्ट बसला होता. असा हब हळूहळू सुटत नाही. पुलरच्या नख्या त्यात अडकवून, त्याचा स्क्रू आवळून त्याला ओढ द्यायची आणि मग हातोडा घालायचा. सुटला की तो एकदम उडतो. म्हणून आसाच्या टोकावरचा नट पुरता काढायचा नसतो. सैल करून तीन आट्यांवर तसाच ठेवायचा, म्हणजे उडालेला हब त्यावर येऊन अडतो. वर्कशॉपात हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

बैलगाडीचं चाक काढताना मात्र आधी आसाच्या टोकाची खीळ काढतात, हरवू नये म्हणून खिशात टाकतात आणि मग चाक ओढतात. मामांचा जन्म त्यात गेला होता. नट सैल करायला मी त्यांना पाना दिला आणि पुलर आणायला गेलो. परत आलो तर नट पुरता निघाला होता आणि ते तो फडक्याने पुसत होते. मग त्यांनी तो बंडीच्या खिशात टाकला. मी पाहिलं.

सांगायला हवं होतं. पण थोड्या वेळापूर्वीच चहा पिताना त्यांनी लॉरीच्या ड्रायव्हरसमोर म्हटलं होतं, "भाचा लढाईवर जाऊन आलाय, पर हातोडा धरायला मीच शिकीवलंय." ड्रायव्हर हसला होता आणि मला राग आला होता. म्हटलं, कळू दे जरा लोखंडाचं चाक काय असतं ते. दचकून मागे बसतील, मग सांगेन. एवढंच माझ्या मनात होतं.

मी पुलर आवळला. मामा हातोडा घेऊन समोर उकिडवे बसले, उजवा पाय पुढे टाकून. दोन घाव फुकट गेले. तिसऱ्याला हब सुटला आणि हब, त्याला जोडलेला ब्रेकचा ड्रम, पुलर सगळं त्यांच्या त्या पायावर येऊन पडलं. ते ओरडले नाहीत. "सुटलं," एवढंच म्हणाले.

मला काही वाटलं नाही. ड्रायव्हर आणि मी ते लोखंड उचललं तेव्हा माझं लक्ष आसाकडे गेलं. टोक चांगलं निघालंय, ओरखडासुद्धा नाही, असं माझ्या मनात आलं. ते मला अजून आठवतं आणि माझी मलाच किळस येते.

लॉरी ठोकळ्यांवर उभी होती, म्हणून मामांना त्यांनीच केलेल्या बैलगाडीतून मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सांगली मागे पडल्यावर त्यांनी खिशातून नट काढला.

"ह्यो ठिवायचा असतुया व्हय रं?"

"व्हय."

"कितका?"

"तीन आटे."

"मी काढला तवा तू बगत व्हतास."

"व्हय."

त्यांनी नट परत खिशात टाकला.

पाय घोट्याच्या वर काढावा लागला. सुतार लाकूड पायाने दाबून धरतो आणि वाकसाने तासतो. तो पाय गेला म्हणजे काम गेलं. दोन दिवसांनी मामी आल्या. असं कसं झालं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी तोंड उघडलं, पण खाटेवरून मामा म्हणाले, "त्याला काय इचारतीस? नट ठिवा म्हणून त्यानं तीनदा सांगितलं. मीच ऐकलं न्हाई."

मामींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी किती सांगनार रं बाबा," म्हणाल्या. मामांनी उशाच्या बंडीतून नट काढून माझ्या हातात दिला. "लॉरी अडली आसंल. जा, लावून टाक."

मी गेलो आणि लावला.

मामांनी परत गाडी केली नाही. मी त्यांच्याच घरी जेवत राहिलो. पुढे कितीतरी वर्षं, पाहुणा आला की मामी मला वाढता वाढता सांगायच्या, पोरानं तीनदा सांगितलं व्हतं. तेव्हा मामा माझ्याकडे बघायचे, आणि मी ताटाकडे बघून जेवायचो.