हाद्दाचा हातमोजा

मेकनेस शहरातल्या जुन्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, हाद्दा तीस वर्षं बायकांची अंगं घासत होती. काळा साबण चोळायचा, वाफेत अंग मऊ होऊ द्यायचं, मग खरखरीत हातमोजा चढवून असं घासायचं की मळाच्या वळकट्या निघाल्या पाहिजेत. त्या ती बाईला दाखवायचीच. दाखवल्याशिवाय बाईचं समाधान होत नाही, आणि खरं म्हणजे हाद्दाचंही.

"मलमं कुणाला लागतात? ज्यांना हाद्दा भेटली नाही त्यांना!" असा तिचा तोरा.

गेल्या वर्षी शाळेतल्या रबियाबाईचे दोन्ही गाल तिच्या हाताखाली सोलून निघाले. रबिया झोपताना रेटिनॉल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचं मलम लावायची. त्याने कातडी हुळहुळी होते. "दोष मलमाचा," हे हाद्दाने गल्लीभर सांगितलं. रबिया पुन्हा आली नाही.

यंदा हाद्दाच्या लेकीचं, सिहामचं, लग्न ठरलं. तीन दिवस आधी नवरीला हमामात आणलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे मेणबत्त्या घेऊन सासरच्या बायकाही आल्या. अंग घासून झालं. होणारी सासू बतूल पुढे सरकली.

"आता तोंड! बघू तरी तुझा हात, हाद्दा."

सिहामने डोळे गच्च मिटले. हाद्दाने घासण्याआधी बोटं टेकवली. गाल कढत होता, नाकाशेजारी बारीक पापुद्रे सुटले होते. असा गाल तिने एकदाच पाहिला होता, रबियाचा.

"मलम कधीपासून लावतेस?" ती कानाशी पुटपुटली.

"दोन महिने. मुरमांसाठी. तू ओरडली असतीस."

"आणि आता मुकाट सोलून घेणार होतीस?"

"या सगळ्यांसमोर तुझा हात कसा धरू, आई?"

हाद्दाला राग आला, आणि रडूही.

"काय गं, दमलीस?" बतूल हसली. "की लेकीच्या तोंडाला मळच नाही?"

बायका खिदळल्या. पोरीच्या अंगात तापाची कसर आहे, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. हाद्दाने हातमोजा काढून बादलीत टाकला.

"बतूलबाई, पोरगी मलम लावते. त्यावर हातमोजा चालत नाही. रबियाचं तोंड मलमाने नाही सोललं. मी सोललं."

हाद्दाने कोमट पाणी घेऊन नुसत्या तळव्याने लेकीचं तोंड धुतलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.