साडूचं वॉशिंग मशीन

आता हे ऐकून तुमी हसणार, आणि हसण्यासारखंच हाय ते. तरी मीच सांगतो, कारण बायकोनं सांगितलं तर ती वाढवून सांगंल.

मला एक साडू हाय. आप्पासाहेब. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, संकेश्वरजवळ ऊस करतोय. माणूस तसा वाईट न्हाय. पण मी जे करीन ते त्यानं माझ्यापेक्षा बरं केलेलं असतंय. मी स्कूटर घेतली, त्यानं जीप घेतली. माझ्या पोरीला ऐंशी टक्के पडले, त्याच्या पोरीला नव्वद. माझं टक्कल पडलं, तर त्याच्या डोक्यावर अजून रान माजलंय. किती सोसायचं हो माणसानं?

दिवाळीच्या आधी मोबाईलवर सगळीकडं सेल लागलेला. त्यात आप्पासाहेबानं वॉशिंग मशीन मागवलं, पुढं काचेचं दार असलेलं. मेहुणीनं, रेखानं, व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. आत कपडे गोल फिरालेत आणि आमची सुनीता तव्यावर भाकरी टाकून ते बघत बसलेली. भाकरी करपली. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्याकडं तिनं एवढं टक लावून कधी बघितलं न्हाय.

फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "आप्पासाहेबांनी रेखाला विचारलंसुद्धा न्हाय म्हणं. सरळ मागवलंच."

झालं. मी बेळगावात एका कॉलेजच्या लॅबमधी कामाला. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता मशीन शोधाय लागलो, आणि नशीब बगा, तेच मशीन, तोच रंग, किंमत निम्मी. वर लाल आकड्यात वेळ पळत होती. शेवटचे दोन नग, नऊ मिनिटं शिल्लक. माल घरी आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती, आधीच भरायचे. म्हटलं, एवढं स्वस्त देतायत तर एवढं चालायचंच. घाईत आमटी शर्टावर सांडली, पण कार्डाचा नंबर एकदम बरोबर टाकला.

मग मशीनचा फोटो आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "आमी बी घेतलं. निम्म्यात." हे 'निम्म्यात' कुणासाठी होतं ते तुमास्नी कळलंच असंल.

दोन मिनिटात आप्पासाहेबाचा फोन.

"पावणं, पैसे भरलासा काय?"

"व्हय. का?"

"त्या कंपनीच्या नावात एक अक्षर जादा हाय बगा. साईट खोटी दिसत्या. बँकेला फोन करून पैसे थांबवा आधी."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? नाव एकदा वाचून बघितलं असतं. मला वाटलं, हा जळाला.

"तुमास्नी निम्म्यात गावलं न्हाय म्हणून पोटात दुखालंय व्हय?" असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "ही लिंक कुणी उघडू नका." मी ते बी जळण्यातच धरलं. आयुष्यात पहिल्यांदा साडू माझ्यावर जळत होता. त्या आनंदात मी लागोपाठ दोन चहा घेतले.

दुसरा चहा संपतोय तवर अनोळखी नंबरवरनं फोन. मराठी, पण कानडी वळणाचं.

"नमस्कार सर, तुमच्या बँकेतनं बोलतोय. आता एक मोठी रक्कम गेल्या ती आमी संशयावरनं थांबवलोय. ओटीपी, कार्ड नंबर कायबी सांगू नका. तुमीच भरलाय काय, एवढं सांगा री."

त्या कानडी 'री'वर माझी ट्यूब पेटली. आप्पासाहेब गुळाच्या व्यापाऱ्यांशी अगदी असंच बोलतोय.

"आप्पासाहेब, आवाज बदललासा म्हणून मी वळखायचा न्हाय व्हय?"

"सर, मी बँकेतनं…"

"व्हय व्हय, तुमी बँकेतनं आणि मी दिल्लीतनं. पैसे मीच भरलोय. सोडा बिनधास्त. आणि जळायचं बंद करा."

"नक्की काय सर?"

"शंभर टक्के."

त्या बिचाऱ्यानं सोडले.

तासाभरानं आणखी एक फोन. बाईचा आवाज, गोड हिंदी, दर वाक्याला 'सर'. मशीन निघालंय, घरी पोचवायला एक ओटीपी आलाय तेवढा सांगा म्हणाली. हा आवाज काय आप्पासाहेबाचा नव्हता. म्हणजे बाई खरी. मी ओटीपी सांगितला. तिला एक आकडा नीट ऐकू आला न्हाय म्हणून परत सांगितला.

संध्याकाळी घरी गेलो तर ग्रुपवरचा फोटो बघून सुनीतानं न्हाणीचा कोपरा मोकळा केलेला. प्लंबर बोलवून नवा नळ बसवून घेतलेला. तिथं उभा राहून नळाचं कौतुक करत असतानाच मेसेज आला. खात्यातनं दुसऱ्यांदा पैसे गेलते. साईट उघडंना, बाईचा फोन लागंना. सगळ्या व्यवहारात नळ तेवढा खरा निघाला.

सुनीतानं फोन उचलला आणि आप्पासाहेबाला लावला. त्यानं पहिल्यांदा कार्ड बंद करायला लावलं, मग सायबर तक्रार नोंदवायला लावली, आणि सकाळी उजाडताच जीप काढून स्वतः आला.

बँकेत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी माझं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं. "सर, काल मला आप्पासाहेब म्हणलासा ते तुमीच काय री?"

साडू पुढं झाला. "आप्पासाहेब मी," म्हणाला. दोघांनी हात मिळवले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. साहेबांनी खटपट करून दुसऱ्यांदा गेलेले पैसे वाटेतच अडकवले. मशीनचे मात्र गेले ते गेलेच.

तिथनं पोलीस स्टेशन. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "यार म्याल संशय ऐतरी? कुणावर संशय हाय काय?"

मी तोंड उघडायच्या आत सुनीता म्हणाली, "होता की. ह्या आमच्या आप्पासाहेबांवर. त्यांना सोडून बाकी सगळ्या जगावर ह्यांचा विश्वास होता."

हवालदारानं पेन उचललं. साडूकडं वरनं खाली बघितलं. "नाव, गाव सांगा." आणि आप्पासाहेबानं सांगायला सुरुवात बी केली.

"तसं न्हाय साहेब," मी मधी पडलो. "माणूस चांगला हाय."

"तोंडी चालत न्हाय," हवालदार म्हणाला. "लिहून द्या."

दिलं. पोलिसांच्या फायलीत आज माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं लिहिलेलं हाय की, सदर इसम सज्जन, हुशार आणि माझ्यापेक्षा सर्व बाबतीत सावध आहे.

त्याचा फोटो काढून आप्पासाहेबानं घरच्या ग्रुपवर टाकलाय.