कापसाची खोली

कोरपना तालुक्यातल्या आमच्या गावातून सिमेंटच्या एका कारखान्याची चिमणी दिसते. कारखान्याने नवा मोठा पंखा बसवला, त्या वर्षी गावात डोकेदुखीच्या आणि झोप न लागण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. पंख्याचा आवाज मोठा नव्हता. रस्त्यावर तो जाणवतही नसे. दार लावून खाटेवर पडलं की मात्र भिंतीतून घुमायचा. कारखान्याची माणसं येऊन गेली. आवाज मर्यादेत आहे, असं त्यांनी सांगितलं. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका वर्तमानपत्रात होतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं छापलं.

तक्रार करणाऱ्यांत माझी मोठी आई होती, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिची खोली कारखान्याच्या अंगाला. कानात घूं घूं होतं, छाती धडधडते, असं ती सांगे. तिच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, तिला दवाखान्यात नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. मग त्याने ठरवलं, की तिला मुलचेऱ्याकडे बहिणीच्या गावी कायमचं ठेवायचं. तिथे चहूकडे धानाची शेती, आवाज नाही. मोठ्या आईला जायचं नव्हतं. लेकीकडे चार दिवस राहायला ती आनंदाने जाई, पण हे घर तिने सासऱ्यांसोबत मातीचे गोळे उचलून उभं केलं होतं.

तेवढ्यात वेचणी सुरू झाली आणि जाणं लांबलं. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. त्या वर्षी पीक बरं आलं, म्हणून मोठ्या आईच्या खोलीतही खिडकीच्या वरपर्यंत गंजी लागली. खाटेपुरती जागा उरली. कापसाजवळ दिवा नेत नाहीत, त्यामुळे तिचे देव ओसरीवर आले.

काही दिवसांनी तिला झोप लागू लागली. डोकं दुखायचं थांबलं. नव्या गोळ्या लागू पडल्या, असं चुलतभाऊ म्हणाला. शेजारच्या बायांच्या मते देव उजेडात आले म्हणून गुण आला. पंख्याचा वेग कमी केला असावा, असं मला वाटलं. कारखान्यात विचारलं, तर काहीही बदललं नव्हतं. मुलचेऱ्याचा विषय मागे पडला.

होळीच्या सुमारास भाव सुधारला. कापसाने नातवंडांच्या अंगाला खाज सुटली होती, सून कंटाळली होती. व्यापाऱ्याची गाडी आली आणि पहिल्या खेपेत मोठ्या आईची खोली रिकामी झाली. त्या आठवड्यातच घुमणं परत आलं. गोळ्या चालू होत्या. देव ओसरीवरच होते.

मी गेलो तेव्हा चुलतभावाने तिची पिशवी भरायला काढली होती. माजघरातला कापूस दुसऱ्या खेपेसाठी थांबला होता. मोठी आई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा इकू नको. माह्या खोलीत टाक."

चुलतभाऊ हसला. "व्यापाऱ्याले काय सांगू माय? बुढीले कापसात झोपाचं हाय म्हणून?"

"सांग. लाज तुले वाटते, मले नाई."

पुन्हा खाज सुटेल, असं सून आतून म्हणाली. ती काळजीने बोलत होती, आणि खरंही होतं.

"खाज खाजवता तरी येते," मोठी आई म्हणाली. "तो पंखा कुठी खाजवू मी?"

चुलतभावाने पिशवी खुंटीला टांगली. आम्ही दोघांनी माजघरातला कापूस गाठोडी बांधून तिच्या खोलीत नेला आणि कारखान्याकडच्या भिंतीला छतापर्यंत लावला. पोरांनी त्यात खेळू नये म्हणून सुनेने वरून जुनी लुगडी लावली.

उन्हाळाभर मोठी आई तिथे झोपली. हातांना खोबरेल तेल चोळायची. आवाज किती कमी होत होता, ते कुणी मोजलं नाही. मोजायचं यंत्र गावात नव्हतं. पंखा अजून चालू आहे. पुढच्या हंगामात वेचणीचा पहिला कापूस चुलतभावाने कुणाला न विचारता तिच्या खोलीत टाकला.