कुजबुजत शिकलेली शेरी

मुलगी तोंडी परीक्षेत नापास झाली, तेव्हा राग कोणावर काढावा ते मला कळेना. ती गोंदियाला हॉटेलच्या कॉलेजात शिकते. विषय होता शेरी, म्हणजे स्पेनमधली द्राक्षाची दारू. उत्तरं तिला येत होती, पण सर म्हणाले, मला काही ऐकूच आलं नाही. पुन्हा परीक्षा होणार होती. त्यातही राहिली तर हॉटेलात कामाला पाठवणार नव्हते.

ऐकू येणार कसं? आमच्या घरात तिने तो धडा पाठच केला कुजबुजून. माझे सासरे दिवसभर दारापुढच्या सपरीत बसतात. त्यांचा धाकटा भाऊ मोहाच्या दारूपायी गेला, तेव्हापासून आमच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत. म्हणून ती चुलीपाशी बसून माझ्या कानात बोलायची आणि मी मान हलवायचे.

त्या दुसऱ्या परीक्षेआधी ती घरी आली तरी पुन्हा तेच. पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबवतात, म्हणाली. मी मान हलवली. मग त्यात द्राक्षाचीच काढलेली कडक दारू टाकतात. मान हलवली. लाकडी पिंप पूर्ण भरत नाहीत, वर पांढरी साय धरू देतात. मी मान हलवली तशी ती थांबली.

"आई, तू मान नको हालवू. समजलं नाही तं नाही म्हण."

मला लागलं ते. चौथीपर्यंत शाळेत मी मानच हलवली. बँकेत, दवाखान्यात, बचत गटातही तेच करते. मान हलवली की माणसं आपल्याला सोडून देतात. पण खरंच समजलं नव्हतं. लोणच्यावर पांढरं धरलं तर आपण काढून फेकतो. हे लोक ते राखतात कशाला? ती म्हणाली, त्या सायीमुळे खालच्या दारूला हवा लागत नाही, म्हणून ती फिक्या रंगाची राहते. मग आंबून दारू झालेल्या रसात आणखी दारू कशाला? तिने सांगितलं, मला कळलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. ती चिडली, मीही चिडले. आणि हे सगळं भांडण कुजबुजत. शेवटी कळलं ते इतकंच, की बेताची टाकली तर साय जगते आणि रस नासत नाही. जास्त टाकली तर सायही मरते.

पुढे पिंपांच्या रांगांचं आलं. सगळ्यात खालच्या रांगेतून थोडी काढून बाटल्या भरतात, तेवढी वरच्या रांगेतून खाली घालतात, आणि नवी सगळ्यात वर. खालचं पिंप कधी रिकामं करत नाहीत, म्हणून चव दरवर्षी सारखी राहते. आमच्या धानाच्या बांध्यांत पाणी असंच वरून खाली उतरतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तसं नाही, आणि पुढचं इतकं हळू बोलली की चुलीपाशी बसूनही मला ऐकू आलं नाही.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठून अंगणाच्या पार टोकाला गेले आणि तिथून विचारलं, "ते साय मेली तं दारूचं काय होते?"

सपरीतून सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, काय बोलून राहिली तू?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तोच प्रश्न मुलीला पुन्हा विचारला.

सासरे म्हणाले, "या घरातला माणूस खाल्ला तिनं, माझा भाऊ."

मुलगी दारात आली. "आबाजी, मी पेत नाही. मले सांगता आलं पायजे." मग तिने मला तिथूनच उत्तर दिलं. साय मेली की हवा लागून दारू तपकिरी होते, ती शेरी वेगळी. आवाज फुटत होता, पण अंगणाच्या टोकाला ऐकू आला. सासरे काठी घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

जेमतेम का होईना, ती पास झाली. फोन आला तेव्हा सासरे जेवत होते. मी भाजी वाढताना म्हटलं, पोरगी पास झाली.

कोणत्या विषयात, असं त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"दारूच्या," मी म्हटलं. नेहमीसारखाच लहान आवाज निघाला. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मला पुन्हा म्हणावं लागलं.