जीवरामनानांचं एकशे तेरावं घर

सोनगीरच्या पुढे तीन कोसांवरच्या एका गावात मी दहा वर्षं मास्तर होतो. गावात मला सगळे गुरुजी म्हणत. पण गावाचं खरं डोकं शाळेत नव्हतं, ते जीवरामनानांच्या पागोट्याखाली होतं. लग्नाचं आवतण घरोघर तोंडी देणं हे त्यांचं काम. आवतण दोन तऱ्हेचं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं, आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, पाळण्यातल्या पोरासकट सगळ्यांनी यायचं. कोणाला एक आणि कोणाला चूलबंद, यात जरा चूक झाली की तीन पिढ्यांचं बोलणं बंद. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तीस वर्षांत त्यांचं एकही घर चुकलं नव्हतं.

मी तेव्हा धुळ्याच्या परीक्षेसाठी मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचत होतो. पुस्तकात माणसाला शब्द वाचून दाखवायचे नि त्याच्या लक्षात किती राहतात ते पाहायचे प्रयोग होते. बायकोनं दुसऱ्याच शब्दाला "भाजी चिरा आधी" म्हटल्यामुळे मी नानांना पकडलं. जू, वेसण, पराणी, कडबा, दावण, नांगर, झूल, घुंगरू, गाडी, पोळा, असे दहा शब्द वाचले. नानांनी डोळे मिटून, ओठ हलवत शेवटचे चार धडाधड म्हटले.

"आणि बाकीचे?"

"हाई चार तोंडात शेतस, गुरुजी. बाकीना पोटात ग्यात. उद्या इचारा."

तोंड आणि पोट हे नानांचं मानसशास्त्र. नुकतं ऐकलेलं तोंडात राहतं, नुसता आवाज म्हणून, आणि तेही ओठ हलत असेपर्यंतच. मध्ये कुणी "नाना, कुठं निघाले?" म्हटलं की सांडलं. म्हणून आवतणाच्या दिवशी गावात त्यांना कुणी रामराम घालत नसे. पोटात मात्र आवाज उतरत नाही. तिथं जातो तो अर्थ, आणि तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी नानांनी आठ शब्द सांगितले. त्यातला एक होता बैल.

"नाना, बैल मी म्हटलंच नव्हतं."

नाना हसले. "आसं कसं? जू सांगं, वेसण सांगी, पोळा सांगा. बैल तं तुम्ही पहिलेच सांगेल शे!"

मी कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघांचीही कीव केली.

तो बैल मला पुढं महागात पडला.

सदुसष्ट साली अभिमन आबांच्या पुष्पाचं लग्न निघालं. आबा म्हणजे गावातली मोठी असामी. त्यांचा मुलगा मगन धुळ्याला नोकरीला होता आणि सुधारणा घेऊन गावी येत असे. या वेळी म्हणाला, "आबा, छापील पत्रिका वाटू. नानांचं वय झालं. एखादं घर राहिलं तर?"

नाना तिथंच बसले होते. आवतणाबद्दल त्यांना धोतर मिळे, शिधा मिळे, आणि पहिल्या पंगतीला मानाचा पाट मिळे. पण खरं म्हणजे लग्नाच्या दिवशी सारं गाव त्यांची वाट बघे. ते गेलं तर मागं उरणार फक्त म्हातारपण.

आबांनी मधला मार्ग काढला. "नाना तोंडी ऐकतील. गुरुजी, तुम्ही कागदावर लिहा, आणि नानांबरोबर फिरा. फरक पडला तर पुढल्या लग्नापासून पत्रिका."

आबा ओट्यावर तंबाखू मळत घरं सांगत गेले. नाना डोळे मिटून, मी पेन्सिल टोकून. एकशे बारा घरं झाली. चुलते, मावसभाऊ, मामेकुळी, गल्लीतले सगळे. एकच नाव आबांनी घेतलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, रुपचंदचं. दोघांची भिंत एक, विहीर एक, आणि पाण्याच्या पाळीवरून नऊ वर्षं अबोला. आधी भांडत तरी असत. अबोला धरल्यापासून गावाची करमणूक गेली होती.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो. नाना पुढं, मी मागं खुणा करत. नावांच्या क्रमानं ते जातच नव्हते, ते नात्यांच्या वाटेनं जात होते. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची म्हैस या घरात. माझा कागद खालीवर करून घाम फुटला, पण एकही खूण चुकेना.

शेवटी आबांच्या गल्लीत आलो. आबांचे चुलते झाले, चुलतभाऊ झाले. मी कागदाची घडी घातली, आणि नाना रुपचंदच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "आबाकडथीन आवतण शे. चूलबंद!"

रुपचंदची बायको कमलबाई दार सारवत होती. तिचा हात तिथंच थांबला. ती म्हणाली, "नाना, परत सांगा."

"चूलबंद," नाना म्हणाले आणि चालू लागले.

मी त्यांना कोपऱ्यावर गाठलं. "नाना, हे घर यादीत नाही!"

"कसं नही? चुलता सांगात, चुलतभाऊ सांगात. भाऊ तं पहिलेच सांगेल शे. मन्हा कानवर सांगं आबानी."

मला बैल आठवला.

दिलेलं आवतण परत घेता येत नाही. आबांना सांगायला मी दिवसभरात सहा वेळा गेलो आणि सहा वेळा पाणी पिऊन परत आलो.

संध्याकाळी मांडवात वरण-बट्टीची पहिली पंगत बसत होती, तेव्हा रुपचंद आला. मागं कमलबाई, पाच मुलं, सून, आणि कडेवर नातू. चूलबंद म्हणजे चूलबंद. मांडवाच्या तोंडाशी तो थांबला. सनईवाल्यानंही श्वास घेतला.

"भाऊ," रुपचंद आबांना म्हणाला, "आवतण तू धाडं, का जीवरामनी आपला मनथीन सांगं?"

आबा तंबाखू मळू लागले. मगन मात्र पुढं झाला. "गुरुजींचा कागद आहे ना. काढा गुरुजी."

मी खिशातून कागद काढला. नाना पाटावर ताठ बसले होते, भीती नावालाही नव्हती, कारण त्यांनी नाव ऐकलं होतं. मी वरून खालपर्यंत बोट फिरवलं. एकशे बारा. पुन्हा फिरवलं. शाळेत मी मुलांना खोटं बोलण्याबद्दल छड्या मारत असे.

"आबा," मी म्हणालो, "नाव तुम्ही घेतलं होतं. माझ्याच कागदावर राहून गेलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो होतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. मग ते मोठ्यांदा म्हणाले, "शाळामास्तर ना तुम्ही? एक नाव लिहिता येत नाही?" आणि भावाकडे न बघताच, "बस रे रुपचंद. बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी."

रुपचंद बसला. आबांनी स्वतः येऊन त्याच्या पानावर तूप वाढलं. जरा जास्तच वाढलं. मला कुणी तूप आणलं नाही.

गावात पत्रिका त्यानंतर सात वर्षांनी आल्या, नाना गेल्यावर. मला मात्र पुन्हा कुणी यादी लिहायला बोलावलं नाही. "गुरुजी चांगले आहेत," लोक म्हणत, "पण कागदाचा भरवसा नाही."

नानांना मी एकदा एकांतात विचारलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. आबांनी तंबाखू मळायची थांबवली, खाकरले, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाले, रुपचंद, चूलबंद.

आता मी धुळ्यात असतो, नानांच्या तेव्हाच्या वयाचा झालो. त्या ओट्यावरची एकशे बारा नावं केव्हाच विसरलो. पण आबांचं ते खाकरणं मला स्पष्ट ऐकू येतं. भिंतीकडे बघतात, आणि म्हणतात, रुपचंद. तो कागद ट्रंकेत तळाशी आहे. बायको दर दिवाळीला विचारते, "टाकू का हा?" मी म्हणतो, राहू दे. उघडून बघत मात्र नाही.